मायनर, मेजर आणि मधली माणसं

८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कल्याणजवळच्या लष्करी छावणीचं उल्हासनगर झालं. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी बांधलेल्या बराकींत तोवर फाळणीमुळे सिंध सोडावं लागलेल्या कुटुंबांनी संसार मांडले होते. त्याच साली जे. बी. एस. हाल्डेन या शास्त्रज्ञाचं एक अनुमान छापून आलं. भूमध्य समुद्राकाठच्या लोकांत थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा दोष इतका कसा टिकला, असा त्यांना प्रश्न पडला होता. हा दोष आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच आला असेल, तर तो माणूस मलेरियापुढे तग धरत असावा, असं उत्तर त्यांनी सुचवलं. हाल्डेन पुढे भारतात आले, इथलेच नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. त्यांच्या त्या अनुमानाचा उल्हासनगरच्या बराकींशी काही संबंध असेल, हे १९४९ मध्ये कुणाच्या गावीही नव्हतं.

संबंध होता. दोष एका बाजूने आला तर माणूस ‘मायनर’ असतो. हिमोग्लोबिन जरा कमी, बाकी धडधाकट. आपण मायनर आहोत हे त्याला जन्मभर कळतही नाही. दोन्ही बाजूंनी आला तर मूल ‘मेजर’ होतं. ते पहिल्या-दुसऱ्या वर्षातच फिकं पडायला लागतं आणि मग कायमचं दर दोन ते चार आठवड्यांनी त्याला रक्त चढवावं लागतं. नवराबायको दोघेही मायनर असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल मेजर असण्याची शक्यता २५ टक्के. भारतात शंभरातली तीन-चार माणसं मायनर असतात, सिंधी समाजात हे प्रमाण त्याहून बरंच जास्त आहे. देशात दरवर्षी अंदाजे १० ते १२ हजार मेजर मुलं जन्मतात. हा फक्त सिंध्यांचा आजार आहे असा आपल्याकडे समज आहे आणि तो घातक आहे. लोहाणा, कच्छी भानुशाली, पंजाबी आणि मराठी घरांतही मायनर माणसं सापडतात. फक्त त्यांना तपासायचं कुणाला सुचत नाही.

९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातल्या दहा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं, त्यांत अंबरनाथही आहे. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर हा पट्टा आजवर कारखाने, फर्निचर, जीन्स आणि गच्च भरलेल्या लोकलसाठी ओळखला गेला. आता इथे डॉक्टर घडतील, म्हणजे संशोधनही व्हायला हवं. ते कुणी करायचं आणि कशाला संशोधन म्हणायचं, हा वाद मी दोन कल्पित माणसांच्या तोंडी घातला आहे. एक बदलापूरला राहणारी निवृत्त परिचारिका. हिची सगळी नोकरी उल्हासनगरात रक्त चढवण्याच्या वॉर्डात गेली. दुसरा तिचा भाचा, अंबरनाथचा, इंजिनिअरिंगच्या मुलांना शिकवणारा. माणसं कल्पित आहेत, पण ती ज्या शोधांबद्दल आणि औषधांबद्दल बोलतात ते सगळं खरं आहे.

भाचा : मावशी, मी मुलांना सांगतो, संशोधन बघायला परदेशात जायला नको. अंबरनाथलाच डीआरडीओची नेव्हल मटेरियल्स रिसर्च लॅबोरेटरी आहे. पाणबुडीला बॅटऱ्या चार्ज करायला डिझेल इंजिन चालवावं लागतं, इंजिनाला हवा लागते, म्हणून तिला दर थोड्या काळाने वर यावं लागतं. वर आली की ती शत्रूच्या नजरेत येते. या लोकांनी फॉस्फोरिक आम्लाच्या फ्युएल सेलवर काम केलं. लागणारा हायड्रोजन पाणबुडीतच तयार होतो, साठवून न्यावा लागत नाही. ८ मार्च २०२१ ला जमिनीवरच्या नमुन्याची चाचणी पार पडली. संशोधन असं असतं. प्रश्न पक्का, मोजमाप पक्कं, आणि हाती येईल ते आधी जगात नसलेलं.

मावशी : कौतुकाचीच गोष्ट आहे. पण नवीन मेडिकल कॉलेजात तुम्ही संशोधन करायला बसाल, तेव्हा त्या खोलीत नर्स कुठे असेल सांग.

भाचा : असेल की. नमुने गोळा करायला, रुग्णांशी बोलायला.

मावशी : म्हणजे रक्त काढायला.

भाचा : मावशी, तुम्हा नर्सांच्या कामाबद्दल आदर आहेच. पण सेवा वेगळी, संशोधन वेगळं.

मावशी : रक्ताची पिशवी लावल्यावर पहिली पंधरा मिनिटं मी पोराजवळून हलत नसे. थेंब सावकाश सोडायचे. ताप, नाडी, श्वास बघायचा. पोर कण्हतंय का, पाठ दुखते म्हणतंय का, अंगावर पुरळ उठतोय का. रक्त जुळत नसेल तर घात याच वेळात होतो. एकाला दर वेळी थंडी वाजून ताप भरायचा, दुसऱ्याला कधीच नाही. असं का, हा प्रश्न डॉक्टरांच्या फेरीत येत नाही, तो पिशवीजवळ बसलेल्या माणसाला पडतो. दात्याच्या पांढऱ्या पेशींमुळे ताप येतो, हे पुढे कळलं आणि त्या अडवणारे फिल्टर आले. फिल्टर तुम्ही इंजिनिअरांनी केला. पण ताप मोजून कागदावर लिहिला नसता, तर गाळायचं काय ते तुम्हाला कळलं असतं का?

भाचा : नोंद म्हणजे संशोधन नव्हे. नोंदींतून नियम काढणं म्हणजे संशोधन.

मावशी : मग नियम काढायला आम्हाला वेळ द्या. एका नर्सकडे वॉर्डभर खाटा असतात. नियम काढायला ती रात्री घरी गेल्यावर बसेल का?

इथे मला भाच्याची व्याख्या अपुरी वाटते. मुंबईचाच दाखला घ्यायचा तर १९५२ साली परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांसमोर एक रेल्वे कामगार आणि एक चाकूहल्ल्यात जखमी झालेला माणूस होता. दोघांना रक्ताची गरज होती, आणि कुणाचंच रक्त त्यांच्याशी जुळेना. त्या अडचणीतून जगाला ‘बॉम्बे’ रक्तगट मिळाला. हा प्रश्न प्रयोगशाळेने काढला नव्हता, तो खाटेवरून आला होता. मात्र तो सोडवायला रक्तगटशास्त्र जाणणारी माणसं तिथेच हजर होती, ही भाच्याच्या बाजूची गोष्टही विसरून चालणार नाही. त्याच आवारात तेराव्या मजल्यावर आज आयसीएमआरची राष्ट्रीय रोगप्रतिकार-रक्तविज्ञान संस्था आहे. गर्भातल्या बाळाला थॅलेसेमिया मेजर आहे का, याची तपासणी तिथे होते, आणि त्यासाठी बदलापूर-उल्हासनगरच्या बायका लोकलने परळ गाठतात.

भाचा : बरं, तपासणीबद्दलच बोलू. मायनर शोधायचा तर एचपीएलसी यंत्र लागतं. ते हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करतं. ए-टू हा प्रकार साडेतीन-चार टक्क्यांच्या वर गेला की माणूस मायनर. हे इंजिनिअरिंगशिवाय झालं असतं?

मावशी : तुला नेस्ट्रॉफ्ट माहीत आहे?

भाचा : नाव ऐकलंय.

मावशी : मी दाखवलं असतं, आत्ता नळ्या नाहीत जवळ. ऐक. काचेच्या दोन छोट्या नळ्या घ्यायच्या. एकीत दोन मिली फिकं मिठाचं पाणी, ०.३६ टक्क्यांचं. दुसरीत नुसतं डिस्टिल्ड वॉटर. दोन्हींत रक्ताचा एकेक थेंब, २० मायक्रोलिटर. अर्धा तास तसंच ठेवायचं. मग नळी हलवायची आणि मागे पांढरा कागद धरायचा, त्यावर एक बारीक काळी रेघ ओढलेली. साध्या माणसाच्या तांबड्या पेशी त्या फिक्या पाण्यात फुटतात, पाणी तांबडं पण आरपार होतं, रेघ स्पष्ट दिसते. मायनरच्या पेशी लवकर फुटत नाहीत, पाणी गढूळ राहतं, रेघ दिसत नाही. रेघ दिसली नाही की त्या माणसाला पुढच्या तपासणीला पाठवायचं. वीज नको, यंत्र नको. ही चाचणी मोठ्या लोकसंख्येच्या तपासणीसाठी बसवली ती मुंबईच्या डॉ. बी. सी. मेहतांनी, १९८८ ला छापून आली. तिच्याआधी ग्रीसमध्ये कट्टामिसांनी एका नळीच्या चाचणीची वाट दाखवली होती.

भाचा : पण शरीरात लोह कमी असेल तरी पाणी गढूळ राहतं. आपल्याकडे किती बायकांना ॲनिमिया असतो! म्हणजे मायनर नसलेल्या किती जणी उगाच घाबरतील.

मावशी : खरं आहे. म्हणून ती चाळणी आहे, निदान नव्हे. आणि उलटही होतं. लोह फार कमी असलं तर तुझ्या यंत्रात ए-टू कमी दिसतं आणि खरी मायनर बाई हातची सुटते. दोन्हींना मर्यादा आहेत. मी एवढंच म्हणते की नळी आणि रेघ हेही संशोधन आहे. ती नर्सच्या हातात देता येते म्हणून ते हलकं होत नाही.

भाचा गप्प बसणारा नव्हे, त्याने विषय उपचाराकडे वळवला. उपचाराचा इतिहास जरा सविस्तर सांगायला हवा, कारण वैद्यक, शुश्रूषा आणि अभियांत्रिकी यांची गाठ खरी इथे पडते.

रक्ताच्या एका पिशवीतून साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात जातं. शरीर रोज जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम बाहेर टाकतं. मूल रक्ताने जगतं आणि त्याच रक्तातलं लोह त्याच्या हृदयात, यकृतात, ग्रंथींत साठत जातं. १९६० च्या दशकात डेस्फेरिऑक्सामिन हे लोह काढणारं औषध आलं, पण ते पोटात घेऊन चालत नाही. १९७० च्या दशकात अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये असं दिसलं की ते कातडीखाली सुईने, छोट्या पंपातून, आठ ते बारा तास सावकाश सोडलं तर लोह चांगलं निघतं. आठवड्यातल्या पाच ते सात रात्री.

भाचा : म्हणजे औषध होतंच, ते वापरण्याजोगं केलं पंपाने. इंजिनिअरने.

मावशी : पंप चालतो की नाही हे रात्री कोण बघतं? आई. पोराच्या पोटावर सुई, कमरेला पट्टा. सुईच्या जागी गाठ येते, ती दुखते. दुसऱ्या दिवशी जागा बदलायची. पंपाची घरघर झाली की शेजारी झोपलेला भाऊ उठतो. एक पोर दहा वर्षांचं झालं आणि स्वतःच सुई काढायला लागलं. पंप भरलेला, सुई बाहेर, औषध गादीत. कागदावर मात्र उपचार चालू. रक्तातलं फेरिटिन, म्हणजे साठलेल्या लोहाचं माप, वाढत गेलं तेव्हा डॉक्टरांनी डोस वाढवला. मी त्या पोराजवळ जाऊन बसले, तेव्हा त्याने खरं सांगितलं.

भाचा : मग पंपाला नोंदी ठेवणारी चिप लावायची.

मावशी : चिप सांगेल की सुई निघाली. का निघाली ते सांगेल का?

भाचा : ते पोरालाच विचारावं लागेल, मान्य. पण मावशी, बघ ना, उत्तर शेवटी रसायनशास्त्रानेच दिलं. लंडनमध्ये १९८० च्या दशकात डेफेरिप्रोन तयार झालं. ते तोंडाने घ्यायचं. मुंबईत डॉ. एम. बी. अगरवालांनी त्याच्या चाचण्या घेतल्या. भारत हा या औषधाला परवाना देणाऱ्या पहिल्या देशांपैकी. युरोपात परवानगी १९९९ मध्ये मिळाली, अमेरिकेत तर २०११ मध्ये. आपण किती पुढे होतो!

मावशी : पुढे होतो, आणि पोरं खूश होती. सुई गेली, कॅप्सूल आली. पण मग पोरं सांगायला लागली, गुडघे दुखतात, उकिडवं बसता येत नाही. भारतातल्या चाचण्यांतच सांध्यांचा हा त्रास ठळकपणे दिसला. दुसरी भीती पांढऱ्या पेशी एकाएकी घटण्याची. शंभरात एखाद्यालाच, पण झाली तर जिवावरची. म्हणून सुरुवातीला दर आठवड्याला पेशी मोजायच्या. आणि घसा दुखला, ताप आला, तर औषध त्याच क्षणी बंद करून आधी रक्त तपासायचं. हे आईच्या डोक्यात पक्कं कोण बसवतं? छापील चिठ्ठी नाही बसवत.

भाचा : टोरांटोतल्या नॅन्सी ऑलिव्हिएरींचं प्रकरण याच औषधाचं ना?

मावशी : तेच. मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टर. त्यांना वाटलं, काही रुग्णांत औषधाचा परिणाम ओसरतोय आणि यकृताला धोका आहे. त्यांना ते रुग्णांना सांगायचं होतं. १९९६ मध्ये कंपनीने चाचणी थांबवली आणि त्यांना कोर्टाची भीती घातली. पुढे चौकशी झाली, आणि रुग्णांना सांगण्याचा त्यांचा अधिकार मान्य झाला. तुझ्या विद्यार्थ्यांना फ्युएल सेल शिकव, हेही शिकव.

भाचा : शिकवीन. पण पुरतं शिकवायचं तर हेही सांगावं लागेल की तेच औषध हृदयातलं लोह काढायला चांगलं निघालं, आणि आज ते जगभर वापरतात. ऑलिव्हिएरींनी बोलायलाच हवं होतं, आणि औषधाने पोरं वाचली. दोन्ही खरं आहे. आणि हृदयात लोह किती आहे हे कसं कळलं? एमआरआयने. २००१ मध्ये लंडनच्या अँडरसनांनी टी-टू-स्टार ही पद्धत मांडली. आकडा २० मिलिसेकंदांच्या खाली गेला की हृदयात लोह साचलंय, दहाच्या खाली गेला तर धोका मोठा. त्याआधी फेरिटिन बरं दिसायचं आणि तरुण मुलं हृदय बंद पडून जायची. ब्रिटनमध्ये ही मोजणी सुरू झाल्यावर हे मृत्यू खूप घटले. स्टेथोस्कोपने जे कधीच कळलं नसतं, ते चुंबकाने सांगितलं. मावशी, इथे माझी बाजू कच्ची नाही.

मावशी : नाहीच. माझ्या वॉर्डातली दोन पोरं वीस वर्षांची व्हायच्या आत गेली, तेव्हा हे यंत्र असतं तर, असं मला आजही वाटतं.

मला वाटतं, वादात एकमेकांचं सर्वात बळकट म्हणणं कबूल करण्याइतकी ही दोघं प्रामाणिक आहेत, म्हणून त्यांचा वाद ऐकावासा वाटतो. पण खरी ठिणगी पुढे पडली, मूल मेजर जन्मू नये म्हणून काय करायचं यावर.

भाचा : मी तर म्हणतो सक्ती करा. लग्नाच्या नोंदणीला दोघांच्या तपासणीचा कागद लागेल असा नियम हवा. सायप्रसमध्ये चर्चने लग्नाआधी हा दाखला मागायला सुरुवात केली आणि मेजर मुलांचा जन्म जवळजवळ थांबला. इटलीच्या सार्डिनिया बेटावर अडीचशे जन्मांमागे एक मेजर मूल असायचं, ते चार हजारांमागे एकावर आलं. कॉलेजात अकरावीच्या प्रवेशालाच तपासणी घ्या, निकाल एका यादीत ठेवा.

मावशी : यादीत? आणि ती यादी कुणाकडे?

भाचा : सरकारकडे. सुरक्षित.

मावशी : उल्हासनगरच्या कॅम्प चारमधली एक मुलगी मायनर निघाली. घरात कुणीतरी बोललं, बातमी फुटली, आणि जमलेलं लग्न मोडलं. तिचा भाऊही मायनर होता, त्याचा कागद कपाटात राहिला, त्याचं लग्न ठरल्या मुहूर्ताला झालं. यादी केलीस तर ती मुलींच्या लग्नांवर चालेल, दोषावर नाही. आणि सार्डिनियाची गोष्ट अर्धीच सांगितलीस तू. तिथे सक्ती नव्हती. अंतोनियो काओ आणि त्यांच्या लोकांनी घराघरांत जाऊन सांगितलं. डॉक्टर, नर्सा, शाळा, वर्तमानपत्रं, सगळे कामाला लावले. सायप्रसमध्येही दाखला मागितला, पण दोघं मायनर निघाली म्हणून लग्नं फारशी मोडली नाहीत. त्यांनी लग्न केलं आणि गर्भ तपासून घेतला.

भाचा : मग तू काय करशील?

मावशी : पोटुशी बाई पहिल्यांदा नाव नोंदवायला येते तेव्हा तिची नळी बघायची. मायनर निघाली तर नवऱ्याला बोलवायचं. दोघंही निघाली तर दहा ते बारा आठवड्यांत परळला पाठवायचं, गर्भाच्या वेष्टनाचा तुकडा काढून तपासतात. पुढचा निर्णय त्यांचा.

भाचा : मावशी, हे ऐकायला सरळ वाटतं. पण किती बायका बारा आठवड्यांच्या आत येतात? पहिलटकरीण माहेरी जाते, कुणाला सांगत नाही, चौथ्या महिन्यात येते. नवरा पाळीवर. तो येईपर्यंत आणखी दोन आठवडे. तुझ्या पद्धतीत वेळच उरत नाही. कॉलेजातल्या तपासणीला ही अडचण नाही.

मावशी : ...ते खरं आहे. उशिरा आलेल्या बायका मीही पाहिल्यात. पाचव्या महिन्यात कळतं, आणि मग तिच्यापुढे दोन्ही वाटा वाईट.

भाचा : आणि ‘चारात एक’ हे त्यांना कसं समजतं ते तूच सांगितलं होतंस.

मावशी : हो. पहिलं मूल मेजर झालं की घरचे म्हणतात, चारातलं एक झालं, आता तिघं चांगली. दर खेपेला चिठ्ठी नव्याने पडते, मागच्या खेपेचा हिशोब पुढे येत नाही, हे मी एका जोडप्याला समजावलं, दुसऱ्या भेटीत पुन्हा समजावलं. त्यांना वाटलं मी निराश करतेय. तुझं गणित बरोबर आहे, पण ते माणसाच्या कानात शिरेपर्यंत त्याचा उपयोग नाही.

या ठिकाणी दोघांपैकी एकालाही पूर्ण कौल देता येत नाही, आणि तसा तो देऊही नये. माझा कल मावशीच्या बाजूला आहे, कारण सक्तीची किंमत आपल्याकडे बहुतेक वेळा मुलगी चुकवते. पण भाच्याचा वेळेचा मुद्दा खोडता येत नाही. उशिरा झालेली तपासणी ही त्या बाईला दिलेली शिक्षाच ठरते. भारत सरकारने २०१६ मध्ये हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक आजारांच्या प्रतिबंधाची मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्याच वर्षीच्या दिव्यांग हक्क कायद्याने थॅलेसेमियाला अपंगत्वांच्या यादीत जागा दिली, १ जुलै २०२३ पासून सिकलसेल या हिमोग्लोबिनच्याच दुसऱ्या आनुवंशिक आजारासाठी राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. कागद पुष्कळ आहेत. उल्हासनगरच्या एखाद्या बाईच्या बाराव्या आठवड्यापर्यंत त्यांतला कुठला पोहोचतो, हे कुणीतरी मोजायला हवं.

भाचा : पण तू आणखी दहा वर्षांनी बघ. हा सगळा वादच संपेल. जीन थेरपी आली आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने क्रिस्पर या जनुकात बदल करणाऱ्या तंत्रावर आधारित उपचाराला मान्यता दिली, सिकलसेल आणि थॅलेसेमिया दोन्हींसाठी. रुग्णाच्याच मूळपेशी काढायच्या, जनुकात एक बारीक काप द्यायचा, पुन्हा अंगात सोडायच्या. रक्त चढवणं बंद.

मावशी : किंमत?

भाचा : अमेरिकेत २२ लाख डॉलर.

मावशी : रुपयांत सांग.

भाचा : अठरा कोटींच्या वर.

मावशी : त्याच्या आधीची वाट तरी आपण नीट चाललोय का? थॅलेसेमियासाठी बोन मॅरो बदलणं भारतात १९८६ पासून होतंय, वेल्लोरला सुरुवात झाली. सख्ख्या भावा-बहिणीचा मॅरो जुळण्याची शक्यता प्रत्येकी २५ टक्के. जुळला तर खर्च. कोल इंडियाची योजना दहा लाखांपर्यंत मदत देते, पण ती आपल्या कॅम्पातल्या किती आयांना माहीत आहे? मुंबई महापालिकेचं बोरिवलीचं केंद्र आहे. बदलापूरहून बोरिवली, दादरला गाडी बदलून, अंगात रक्त कमी असलेलं पोर घेऊन. मी तुझ्या क्रिस्परच्या विरोधात नाही रे. ते स्वस्त करायचं काम तुम्हीच करायचंय. पण ते होईपर्यंत जी मुलं वॉर्डात बसलीत, त्यांच्यासाठीचं संशोधन कुणी करायचं?

भाचा : बरं. मग आपण दोघं मिळून एक प्रस्ताव लिहू. अंबरनाथचं मेडिकल कॉलेज, माझं कॉलेज, आणि एखादं नर्सिंग कॉलेज. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, तिन्ही गावं घ्यायची. प्रश्न तू सांग.

मावशी : प्रश्न एकच. दोघंही मायनर आहेत हे ज्या जोडप्यांना कळलं, त्यांच्यातली किती बारा आठवड्यांच्या आत तपासणीला पोहोचली? आणि जी नाही पोहोचली, ती कुठे अडली?

भाचा : त्यासाठी आधी मायनर शोधावे लागतील. कॉलेजांत, स्वेच्छेने. सक्ती नाही, मी मागे घेतो. निदान या प्रस्तावापुरती.

मावशी : निकाल ज्याचा त्याच्याच हातात. बापाच्या नाही, प्राचार्यांच्या नाही. आणि फक्त सिंधी वस्तीत नाही. बदलापूरच्या मराठी पोरांच्याही नळ्या बघायच्या, म्हणजे कुणा एका समाजाच्या कपाळी शिक्का बसणार नाही.

भाचा : नवरे येत नाहीत त्याचं काय?

मावशी : आनंदनगर एमआयडीसीत पाळी सुटते तेव्हा गेटवर टेबल मांडायचं. तपासणी सगळ्यांसमोर, निकाल एकेकट्याला.

भाचा : खर्चाचा तक्ता करतो. पहिली ओळ, एचपीएलसी यंत्र.

मावशी : पहिली ओळ एका नर्सचा पगार. तिचं काम एवढंच, की जे मायनर निघाले त्यांना फोन करत राहायचं.

भाचा : यंत्राला अनुदान मिळतं, पगाराला अवघड जातं. प्रस्ताव तपासणारे म्हणतील, हिचं संशोधनात काय काम?

मावशी : मग ते प्रस्तावात लिही. तिच्या फोनांच्या नोंदी हेच आपलं मोजमाप, असं लिही. तुला मोजमाप लागतंच ना?

भाचा : लागतं. ही नर्स किती काळासाठी ठेवायची? एक वर्ष लिहितो.

मावशी : तीन लिही. कॉलेजात निकाल हातात येतो तेव्हा पोरीला लग्न लांब वाटतं, ती कागद ठेवून देते. दुसऱ्या वर्षी लग्न ठरतं, तिसऱ्या वर्षी पाळी चुकते. फोन तेव्हा जायला हवा.